कुलपातली पाहुणी

दोन मुलं आणि एक बाग माझ्या ताब्यात द्या आणि तुम्ही खुशाल पाय पसरून झोपा! मुलांना उन्हाळ्यात घरी रमवायला असं लागतं तरी काय हो? ना खेळणी, ना टीव्ही, ना तो मेला काचेचा टॅब. मुंग्या लागतात. पाखरं लागतात. एखादी खार, एखादी गोगलगाय, आणि हे सगळं नीट समजावून सांगणारं एक शहाणं माणूस. बाकीची मंडळी आमच्या बागेत आहेतच. शहाणं माणूस मी!

हे मी माझ्या लेकीला सांगितलं. आमच्या फाटकात उभी राहून, कमरेवर हात ठेवून, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांना पण लाभ व्हावा अशा आवाजात सांगितलं. तोच आवाज पुढे मला नडला.

लेक कामासाठी परगावी निघाली होती. जावईबापू आधीच कुठल्यातरी विमानात होते. म्हणून नातवंडं आमच्याकडे. थोरली आठ वर्षांची. शाळेत वर्गाची मॉनिटर, त्यामुळे सूर्यानंसुद्धा रांगेतच उगवावं असा तिचा आग्रह. धाकटा पाचाचा. त्याला स्वतःला एकही नियम माहीत नाही, पण ताईनं सांगितलेला नियम तो जिवावर उदार होऊन पाळतो. एक कायदा, तर दुसरा पोलीस!

"आई, टॅब पिशवीत ठेवलाय. चार्जरही आहे," लेक म्हणाली.

"परत ने."

"अगं, दुपारी बाहेर ऊन असतं. दमशील तू. अर्धा तास दिलास तर—"

"अर्धं मिनिटसुद्धा देणार नाही! टॅब कपाटात कुलूपबंद, किल्ली माझ्या कमरेला. मी मागितल्याशिवाय कुणी त्या कपाटाला हात लावायचा नाही. आणि मी जर तो मागितला ना, तर मला आई म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू?"

"शेजारीण म्हण!"

लेक हसली. तिच्या हसण्यात बापाचा गुण आहे; आवाज येत नाही, पण झोंबतं. "बरं. आणि शनिवारी तुझ्या बुवांचं कीर्तन आहे ना? ते टॅबवर थेट दिसतं हो आता. जायला नाही जमलं तर—"

"कीर्तन काय डब्यात भरून घरी आणायची वस्तू आहे? समोर बसावं लागतं! बुवांनी टाळी मागितली की द्यावी लागते! चल, नीघ, उशीर होतोय तुला."

ह्या शनिवारचं तुम्हाला सांगायलाच हवं. मी लग्नाआधीपासून ज्या बुवांची कीर्तनं ऐकत आले, ते आता थकलेत. हा त्यांचा शेवटचा दौरा, पुढे आवाज साथ देणार नाही, असं त्यांनीच सांगितलेलं. आमच्या गावातल्या सभागृहात संध्याकाळी सहाला. पुढच्या रांगेतली माझी खुर्ची मी सभागृहाच्या रखवालदाराला दाखवून, त्याच्याकडून तीनदा कबूल करून घेतली होती. जग इकडचं तिकडे झालं असतं तरी मी जाणार होते.

जग नाही झालं हो इकडचं तिकडे. एक माशी झाली.

तर पहिल्या दिवशी सकाळीच मी नातवंडांना लिंबाच्या झाडाखाली बसवलं. बुवांची रीत मला पाठ आहे: आधी तत्त्व सांगायचं, मग गोष्ट. हातात टाळ नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातून डब्यांची दोन झाकणं आणली.

"बाळांनो! ह्या अंगणात येणारा प्रत्येक जीव आपला पाहुणा!" झण्ण! "पाहुण्याला हाकलायचं नाही! पाहुण्याला दुखवायचं नाही! आणि पाहुण्याची सोय आपल्या आधी बघायची!" झण्ण, झण्ण!

"प्रत्येक म्हणजे प्रत्येक?" थोरलीनं विचारलं.

"प्रत्येक!"

"मुंगीसुद्धा?"

"मुंगीसुद्धा!"

"डाससुद्धा?"

इथे माझी झाकणं जरा अडखळली. "डासांचं मी शनिवारी बुवांना विचारून सांगते."

आणि काय सांगू तुम्हाला, पहिला दिवस असा गेला की दृष्ट काढावी! आम्ही मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरून ठेवलं. एक बुलबुल आला, त्यानं आधी आमच्याकडे, मग पाण्याकडे, मग पुन्हा आमच्याकडे संशयानं पाहिलं आणि मग अशी काही आंघोळ केली, की अर्धं पाणी धाकट्याच्या नाकावर! खार शेपटी फुलवून आली. दोघं पोटावर पालथे पडून, श्वास रोखून बघत होते. धाकट्यानं माझा हात धरला आणि कानात म्हणाला, "आजी, ती पण आपल्याकडे बघतेय." मला भरून आलं. मी लगेच लेकीला फोन लावून सगळं ऐकवलं. थोडं वाढवूनच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाय ठेवला, तर फरशी चालत होती!

मुंग्या! बागेच्या दारापासून साखरेच्या डब्यापर्यंत काळी सडक पडली होती, आणि त्या सडकेच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी साखरेची किनार आखली होती. अगदी पट्टीनं आखावी तशी सरळ. म्हणजे काम कुणाचं, हे विचारायलाच नको.

"हे काय आहे?" मी ओरडले.

"बाहेर त्यांचे पाय भाजतात, आजी," थोरली म्हणाली. "म्हणून आतून रस्ता दिला."

"माझ्या स्वयंपाकघरातून?"

"पाहुण्यांची सोय आपल्या आधी," धाकटा म्हणाला आणि तोंडानंच म्हणाला, "झण्ण!"

मी राग गिळला. बुवा म्हणतात, राग गिळावा. पण गिळल्यावर तो कुठे जातो, ते बुवांनी कधी सांगितलं नाही. माझा तरी कपाळात जातो आणि तिथे थडथड उडतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाजी करायला म्हणून मी फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून कोबी काढला. कोबी वर उचलला, तर कोबीला शिंगं! आणि ती शिंगं हळूच आत गेली! मी अशी किंचाळले, की आमच्या ह्यांनी खुर्चीतून मान वळवली. ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तुम्हाला कळायचं नाही. आमचे हे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं, पण टेबल, भिंग आणि सुईएवढे स्क्रू-ड्रायव्हर घरी आले. जगाची घड्याळं ह्यांनी चालवली, पण स्वतः कधी कुठे वेळेवर पोचले नाहीत. आणि ह्यांना राग म्हणून येत नाही. त्यामुळे दोघांच्या वाटचा मला एकटीलाच करावा लागतो.

"गोगलगाई! फ्रिजमध्ये!" मी म्हणाले.

"त्या वाळत चालल्या होत्या गं कुंडीखाली," थोरली म्हणाली. "आत गार आहे. आणि कोबी पण आहे."

"आणि आंघोळीच्या बादलीत काय आहे?" कारण सकाळपासून धाकटा न्हाणीघराच्या दाराशी पहारा देत होता, हे आता माझ्या डोक्यात शिरायला लागलं होतं.

"बेडूक," धाकटा म्हणाला. "तो पोहतोय. आजोबांना सांगितलंय. आजोबांनी बागेतल्या पाइपाखाली आंघोळ केली."

मी ह्यांच्याकडे वळले. ह्यांचे केस ओले होते! आणि चेहरा कसा, तर तीर्थयात्रा करून आल्यासारखा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाणी छान गार होतं," हे म्हणाले.

मग मात्र मी गिळलेलं सगळं बाहेर काढलं. मुंग्यांपासून बेडकापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. थोरलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, पाहुण्यांवर ओरडतेस?"

"मी पाहुण्यांवर नाही, तुमच्यावर ओरडतेय!"

"आम्ही पण पाहुणेच आहोत," धाकटा म्हणाला.

आता ह्याच्यावर काय बोलणार? आपल्याच हाताने खड्डा खणावा, आपणच त्यात पडावं आणि वरून नातवानं विचारावं, आजी, खाली गार आहे का!

गुरुवारी एक मोठाच धर्मसंकटाचा प्रसंग आला. लिंबाच्या झाडावर हिरव्या अळ्या होत्या. थोरलीनं प्रत्येकीला ओळखून ठेवलं होतं. त्यातली एक कुंभारणीनं पळवली! कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची, लांब पायांची माशी. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते, कोनाड्यात नाहीतर फटीत मातीचं घर बांधते, आत अंडं घालते, पिल्लाला खायला अळ्या आणून भरते आणि वरून तोंड लिंपून टाकते. हे सगळं मीच त्यांना सांगितलं. कौतुकानं सांगितलं!

थोरली संतापली. "म्हणजे एका पाहुण्यानं दुसरा पाहुणा पळवला?"

"तिच्या बाळाला भूक लागेल ना!" धाकटा रडायच्या बेतात.

"पण अळी पण कुणाचं तरी बाळ आहे!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

"हे पण बुवांना विचारते," मी म्हणाले.

मग दोघांनी आपापसात तह केला. थोरलीनं उरलेल्या अळ्यांच्या फांदीवर जुनी ओढणी टाकली, आणि धाकट्यानं कुंभारणीसाठी नळाशी चिखल कालवून दिला. कुंभारीण फेऱ्या मारू लागली. दोघं दिवसभर चिखलात. अंगावर चिखल, डोक्यात चिखल, पण टॅबचं नाव नाही! मी खिडकीतून बघून मनातल्या मनात पुन्हा झाकणं वाजवली.

फक्त एक विचारायचं राहिलं. ती घर बांधतेय कुठे?

उजाडला शनिवार! मी दुपारपासूनच तयार. ठेवणीतले कपडे, केसांत नवा आकडा, पिशवीत चपलांचा जास्तीचा जोड, पाण्याची बाटली, फोन आणि बुवांसाठी प्रश्नांची उतरंड. मुलांनाही नेणार होते. लेक रात्री उशिरा येणार होती. हे गाडीत जाऊन बसले. वेळेच्या आधी! तिथेच मला शंका यायला हवी होती.

मी मागे बसले. मुलं बसली. गाडी सुरू होईना.

"चला की!"

"फाटक बंद आहे," हे म्हणाले.

"मग उघडा!"

हे काचेतून समोर बघत राहिले. धाकटा गाडीतून उतरला, धावत गेला आणि फाटकाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. आमचं फाटक उंच, लोखंडी, वर भाल्यासारखी टोकं. मुलं रस्त्यावर पळू नयेत म्हणून मी ते सदा कुलूपबंद ठेवलेलं. कुलूप जुनं, किल्लीचं भोक बोट जाईल एवढं.

त्या भोकात माती होती. गोल, गुळगुळीत, बोटानं सारवल्यासारखी माती.

"नाही!" मी म्हणाले.

"आत बाळ आहे," धाकटा म्हणाला.

"बाजूला हो!"

"आजी, आत बाळ आहे!"

मी केसांतला आकडा उपसला. हो, उपसला! तलवार उपसावी तसा! एक टोचा आणि माती खाली, किल्ली आत, फाटक उघडं, पुढच्या रांगेत मी! मी वाकले. आकडा भोकाशी नेला. आणि तेवढ्यात ती आली.

तोंडात मातीची गोळी धरून आली. माझ्या आकड्याशेजारी बसली. तिनं माझ्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. डोकं खाली, गुणगुणत, तिनं ती गोळी कडेला लावली, चेपली, सारखी केली. घरातल्या बाईनं चुलीपाशी आपल्या तंद्रीत गाणं म्हणावं ना, अगदी तसं गुणगुणत. माझ्या हाताखाली! जन्माची ओळख असल्यासारखी!

माझा हात तिथेच थांबला. टोचवेना हो! आणि टोचवेना म्हणून जो राग आला, तो आठवड्याच्या सगळ्या रागांचा बाप होता! कारण उगारलेला हात कुणावर तरी पडायला हवा. माशीवर पडत नाही, नातवावर पडत नाही. मग कुणावर?

"तुम्हाला माहीत होतं!" मी गाडीकडे वळले.

"गुरुवारपासून," हे म्हणाले.

"म्हणून तुम्ही दूध फाटकावरून घेत होता!"

"दूधवाल्यालाही आवडली ती."

"दूधवाल्याला सांगितलंत आणि मला नाही?"

"तूच म्हणालीस, पाहुण्याची सोय आपल्या आधी."

"माझ्या बुवांच्या आधी नाही!"

"थांब, चिडू नकोस. मी बिजागरीचे स्क्रू काढतो. अख्खं फाटकच उतरवू. कुलपाला धक्का नाही." आणि हे घरात गेले, डोळ्याला भिंग लावून आले, हातात तो सुईएवढा स्क्रू-ड्रायव्हर! बिजागरीचा स्क्रू माझ्या अंगठ्याएवढा, वर गंजाचे थर. ह्यांनी भिंगातून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तासाभरात हलेल."

"तासाभरात बुवांचं कीर्तन अर्ध्यावर येईल!"

आता एकच वाट उरली होती. शेजारची भिंत. पलीकडे दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या अंगणात उतरायचं, त्यांच्या फाटकातून बाहेर पडायचं आणि रिक्षा करून सभागृह गाठायचं. एकटीनं! ह्या घरातल्या कुणाचीही मला गरज नव्हती!

"शिडी आणा!"

"अगं, ह्या वयात—"

"शिडी!"

शिडी आली. लाकडी, जुनी, बागेच्या कोपऱ्यात पडून राहिलेली. मी चढले. संताप माणसाला काय बळ देतो! जिना चढताना माझे गुडघे पायरीगणिक तक्रार करतात, पण त्या दिवशी गप्प. त्यांनाही माझी भीती वाटली असावी. वर पोचल्यावर आधी पिशवी पलीकडे टाकली, म्हणजे हात मोकळे.

बुडुक्!

पलीकडे डॉक्टरांचं पाण्याचं पिंप होतं. पिशवी, चपला, फोन, सगळं बुडुक्!

"आजी, काय झालं?" खालून थोरली.

"काही नाही!" मी म्हणाले आणि तावातावानं एक पाय पलीकडे टाकला. त्या झटक्यासरशी शिडी सरकली, जरा विचार केला आणि आडवी झाली. धाड! आता मी भिंतीवर. एक पाय आमच्या घरात, दुसरा डॉक्टरांच्या. घोड्यावर बसावं तशी. फक्त घोडा हलत नव्हता आणि उतरताही येत नव्हतं, कारण पलीकडे खाली गुलाब, एकेक काटा सुईएवढा.

"शिडी लावा!" मी ओरडले.

हे शिडीकडे वाकले आणि ताडकन मागे झाले. शिडीच्या लाकडाला गोल भोकं होती. त्या भोकांतून एक, मग दुसरा, मग तिसरा असे काळे कुळकुळीत भुंगे बाहेर आले. त्यांचं घर आपटलं होतं. आमच्या घरात माझ्याइतकं रागावलेलं दुसरं कुणी मी पहिल्यांदाच पाहिलं!

"आणखी पाहुणे!" धाकटा आनंदानं नाचू लागला.

"ते शांत होईपर्यंत शिडीला हात लावता येणार नाही," हे दूर जाऊन म्हणाले.

गलबला ऐकून पलीकडून डॉक्टर बाहेर आले. तोंडाला मास्क, हातात मोजे. "कोण आहे? काय, दुखतंय का?"

"दुखत नाही! मला खाली उतरायचंय!"

"अहो काकू, तुम्ही? थांबा, मी शिडी... पण माझी शिडी तुमच्याकडेच आहे ना! काका न्यायला आले होते, मागच्या की त्याच्या मागच्या उन्हाळ्यात."

"ती खाली पडलीय. तिच्यात भुंगे आहेत."

"माझ्या शिडीत भुंगे?"

"आता ते आमचे आहेत!" धाकटा भिंतीपलीकडे ओरडला.

"काकू, हलू नका. आत पेशंट तोंड उघडून बसलाय, त्याचं आवरतो आणि टेबल आणतो. आणि गुलाबांवर उडी मारू नका, प्लीज!" एवढं बोलून ते आत गेले. त्या पेशंटची दाढ किती खोल होती देव जाणे!

मग भिंतीवर बसून मी जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुंग्यांना बोलले, गोगलगाईंना बोलले, बेडकाला त्याची जागा दाखवली. ज्यानं घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म घालवला आणि बायकोला एकदाही वेळेवर कीर्तनाला नेलं नाही, त्याला तर घाऊक भावात बोलले. दया केली ती चुकली म्हणाले, मेले हे प्राणी म्हणाले, बाग विकून टाका म्हणाले!

आणि तेवढ्यात घरात सहा वाजले. आमच्या घरात सहा एकदम वाजत नाहीत. ह्यांच्या टेबलावरची घड्याळं एकामागून एक, आपापल्या सवडीनं सहा वाजवतात. एक संपलं की दुसरं. दुसरं संपलं की तिसरं. प्रत्येक ठोका मला सांगत होता, बुवा उभे राहिले, बुवांनी हात जोडले, पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आजी रडतेय," धाकटा हळूच म्हणाला. मग भिंतीला गाल लावून वर बघत म्हणाला, "आजी, कुंभारणीला सांगू का दुसरीकडे जायला?"

ते ऐकून तर मला आणखीच रडू आलं.

आता थोरली पुढे आली. ती विचार करत होती. मॉनिटर विचार करते तशी, ओठ दुमडून. "आजी, आई म्हणाली होती, बुवा टॅबवर दिसतात."

मी डॉक्टरांच्या दाराकडे मान वळवली.

"टॅब कपाटात आहे."

मी गुलाबांचे काटे मोजू लागले.

"पण तू मागितल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"माहितीये मला नियम!"

"मग माग."

काय पोर आहे! ह्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी त्या भिंतीवर रात्र काढली असती, पण मागितलं नसतं. पण तिकडे बुवांनी पहिली ओळ सुरू केली असेल, आणि ते पुन्हा यायचे नव्हते.

"टॅब दे," मी म्हणाले.

"काय?" थोरली कानाशी हात नेऊन म्हणाली. "भुंग्यांच्या आवाजात ऐकू येत नाही."

"टॅब दे गं बाई! टॅब! मला टॅब हवाय!" लेकीला फाटकात उभं राहून सांगताना लावला होता, अगदी तोच आवाज. रस्त्यावरच्यांनाही लाभ व्हावा असा.

कमरेची किल्ली खाली टाकली. जळमटं काढायच्या लांब काठीला पिशवी बांधून, ह्यांनी भुंग्यांना वळसा घालत टॅब वर पोचवला. थोरलीनं खालून कुठे बोट लावायचं ते सांगितलं. ह्यांचा बटणांचा फोन असल्या कामाचा नाहीच. आणि काचेत बुवा आले!

किती वाळलेत हो. आवाज चिरका झालाय. पण हात वर केला की अजून तेच! अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी एका हातानं भिंत घट्ट धरलेली, म्हणून दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरला. बुवा म्हणाले, टाळी! मी मांडीवर चापट मारली. खाली ह्यांनी टाळी दिली, डोळ्याला भिंग तसंच. मुलांनी झाकणं आणली. झण्ण!

"आजी," थोरली झाकणं थांबवून म्हणाली, "अर्धा तासच हं. डोळे बिघडतात."

आणि मला फाटकाशी हसू ऐकू आलं. आवाज न करणारं, झोंबणारं.

लेक! रात्री येणार होती, ती आत्ताच आली होती. हातात बॅग, खांद्यावर पर्स, आणि कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं आधी माझा एक पाय पाहिला, मग दुसरा पाय कुणाच्या घरात आहे ते पाहिलं, मग माझ्या हातातला टॅब पाहिला.

"काय हो शेजारीणबाई," ती गोड आवाजात म्हणाली, "आमची आई आहे का घरात?"

मी मानेनंच नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती हसतच पर्समध्ये हात घालू लागली. तिच्याकडे आमच्या फाटकाची एक किल्ली असते. तिनं ती काढली, कुलपाकडे न बघताच पुढे केली, आणि मी टॅब, बुवा, भिंत, सगळं विसरून अशी ओरडले, की डॉक्टरांचा पेशंटसुद्धा तोंड उघडं ठेवून बाहेर आला—

"खबरदार! किल्ली लावशील तर! आत बाळ आहे!"

माझं खाली उतरणं पुढे टेबलावर खुर्ची ठेवून यथास्थित झालं, त्याचं वर्णन करण्यासारखं नाही. लेकही त्याच भिंतीवरून घरात आली. कुंभारणीच्या पिल्लाला अजून पंख फुटायचेत, त्यामुळे सध्या आमच्याकडे येणाऱ्यानं डॉक्टरांच्या अंगणातून यावं, ही विनंती.

एक मात्र राहूनच गेलं. त्या संध्याकाळी भिंतीवर मला डास कडकडून चावत होते. दोन्ही पायांना. पण खालून चार डोळे माझ्या हाताकडे टक लावून बघत होते, आणि डासांचं काय करायचं ते मी बुवांना विचारणार होते ना!